मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कामाला लागताना

अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी माहितीपत्रक
वैशाली नगर, भिलाई व परिसर

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन त्यावर व्रण पडण्याचा दीर्घकालीन आजार आहे. रक्तमिश्रित जुलाब, पोटातील कळा, शौचाची अनावर घाई आणि अशक्तपणा ही त्याची लक्षणे आपण कदाचित वर्षानुवर्षे सोसली असतील. बहुसंख्य रुग्णांचा आजार औषधांनी आटोक्यात राहतो. औषधे अपुरी पडली, आतडे फुगून फुटण्याचा धोका निर्माण झाला, रक्तस्राव थांबेना किंवा कर्करोगाची चिन्हे दिसली, तर मोठे आतडे काढून टाकण्याचा सल्ला शल्यचिकित्सक देतात. आपली अशी शस्त्रक्रिया झाली असेल अथवा ठरली असेल, तर हे पत्रक आपल्यासाठी आहे.

हा आजार मुख्यतः मोठ्या आतड्याचा असल्यामुळे ते काढल्यावर त्याचे मूळ स्थान उरत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी घराबाहेर पडताना प्रथम शौचालय शोधणारे अनेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर नोकरी, शेती, प्रवास, खेळ या सर्वांकडे परततात. मात्र मोठे आतडे आजवर एक काम मुकाट्याने करीत होते, ते आता कोणी तरी करावयास हवे. ते काम म्हणजे शरीरातील मीठ व पाणी राखणे. यापुढे ही जबाबदारी आपली स्वतःची आहे. भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी ही जबाबदारी अधिकच महत्त्वाची ठरते. इलिओस्टॉमी होऊन घरी गेलेल्या रुग्णाला पुन्हा रुग्णालयात आणणाऱ्या कारणांत शरीर कोरडे पडणे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून या पत्रकातील सर्वाधिक जागा त्याच विषयाला दिली आहे.

आपली शस्त्रक्रिया नेमकी कोणती?

डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेले असते. समजले नसेल तर डॉक्टरांना विचारून मराठीत किंवा हिंदीत लिहून घ्यावे. साधारणपणे तीन प्रकारची स्थिती आढळते.

पहिल्या प्रकारात मोठे आतडे व गुदाशय दोन्ही काढून लहान आतड्याचे टोक पोटावर कायमचे बाहेर आणलेले असते. या मुखाला स्टोमा आणि या रचनेला इलिओस्टॉमी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची आतल्या आत एक थैली शिवून ती गुदद्वाराला जोडलेली असते. तिला पाउच म्हणतात. ही जोडणी भरून येईपर्यंत बहुधा तात्पुरती इलिओस्टॉमी ठेवतात व दोन-तीन महिन्यांनी ती बंद करतात. तिसरा प्रकार तातडीच्या शस्त्रक्रियेचा. त्यात मोठे आतडे काढलेले असते, परंतु गुदाशय तसाच ठेवलेला असतो. अशा रुग्णांना बरे वाटू लागले की ते पुन्हा तपासणीस येत नाहीत, असा अनुभव आहे. गुदाशय शिल्लक असेल तर त्यात आजारही शिल्लक असतो. तेथून रक्त किंवा शेम येऊ शकते आणि कर्करोगाचा धोका राहतो. पुढील टप्प्याची शस्त्रक्रिया करावयाची नसली, तरी त्या भागाची नियमित तपासणी टाळू नये.

आज सहज वाटणाऱ्या या रचना फार जुन्या नाहीत. पूर्वी स्टोमा पोटाच्या सपाटीला ठेवीत. लहान आतड्यातील दाहक स्राव थेट कातडीवर पसरे आणि ती भाजल्यासारखी होई. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली आतड्याचे टोक बाहीच्या दुमडीसारखे उलटवून थोडे उंच ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पिशवी नीट बसू लागली. आतील पाउचची पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ साली मांडली. आपल्या पोटावरील स्टोमा थोडा वर आलेला दिसतो तो दोष नव्हे. तो तसाच असावा लागतो.

मीठ आणि पाणी

“भरपूर पाणी प्या” हा सल्ला आपल्याला घरातील प्रत्येक जण देईल. तो अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग घातक ठरू शकतो.

लहान आतड्यात पाणी स्वतःहून शोषले जात नाही. मीठ जिकडे जाते, तिकडे पाणी जाते. आतड्यात केवळ साधे पाणी आले की रक्तातील मीठ आतड्याच्या पोकळीत खेचले जाते, त्याच्यामागे पाणीही येते आणि दोन्ही पिशवीत जमा होतात. पूर्वी पुढे मोठे आतडे होते. ते हे मीठ-पाणी परत घेत असे. आता ती सोय नाही. त्यामुळे तहान लागली म्हणून आपण तांब्याभर पाणी पितो, पिशवी पातळ स्रावाने भरते, तहान वाढते आणि आपण आणखी पाणी पितो. फार गोड शीतपेये, उसाचा रस, पाणी न मिसळलेला फळांचा रस यांनीही असेच होते, कारण अति साखर आतड्यात पाणी ओढून घेते.

यावरील उपाय आपल्या ओळखीचा आहे. मिठासोबत योग्य प्रमाणात ग्लुकोज असेल, तर आतडे दोन्ही एकत्र शोषते व पाणी त्यांच्यामागून शरीरात जाते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना मीठ-साखरेचे द्रावण पाजून वाचविले, ते याच तत्त्वावर. तेच द्रावण आज ओआरएस अथवा जलसंजीवनी या नावाने प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे, हे वाचूनच पाणी मोजावे. दुकानात मिळणारी सर्वच गोड, रंगीत, तयार पेये ओआरएस नसतात; वेष्टनावर या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

रोज किती स्राव बाहेर जातो, हे पहिले सहा आठवडे मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. स्थिरावलेल्या इलिओस्टॉमीतून दिवसाला सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर स्राव येतो. तो १५०० मिलिलिटरच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. स्रावात मिठाचे प्रमाण बरेच असते. एक लिटर स्रावाबरोबर साधारण चहाचा एक सपाट चमचा मीठ शरीराबाहेर जाते. स्राव अधिक असताना डॉक्टर कधी कधी घरी करण्याचे अधिक खारट द्रावण सुचवितात. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे त्याचे प्रमाण असते. ते दिवसभर घोट-घोट प्यावयाचे असते आणि त्या काळात साधे पाणी, चहा व इतर पेये मिळून डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच घ्यावयाची असतात. हे द्रावण सल्ल्याशिवाय सुरू करू नये.

मीठ कमी खा, असे आरोग्य खात्याचीच इतर पत्रके सांगतात. सर्वसाधारण माणसासाठी ते योग्यच आहे. इलिओस्टॉमी असलेल्या व्यक्तीला मात्र तो सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. अशा बहुतेक व्यक्तींना जेवणात थोडे वरून मीठ लागते. रक्तदाब, हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आता भिलाईच्या उन्हाबद्दल. इलिओस्टॉमी झाल्यावर मूत्रपिंडे लघवीतून जाणारे मीठ अडवून शरीराचा तोल सांभाळतात. निरोगी माणसाच्या शरीरात ही तोंडमिळवणी आणीबाणीसाठी राखीव असते. आपले शरीर ती रोजच वापरीत असते. म्हणून उन्हात घाम गळू लागला, की हाताशी शिल्लक फारसे काही उरत नाही. भरल्या घरात, पंख्याखाली ठीक असलेला माणूस सुपेल्याच्या बाजारात दुपारी तासभर हिंडून आला आणि संध्याकाळी उभा राहताच चक्कर आली, यात नवल नाही. मार्चपासून पावसाळा येईपर्यंत बाहेरची कामे सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्तानंतर करावीत. बाहेर पडण्यापूर्वी एक पेला जलसंजीवनी घ्यावी आणि एक बाटली सोबत ठेवावी. तहानेची वाट पाहू नये.

पिंडऱ्यांत गोळे येणे, तोंड कोरडे पडणे, उभे राहताना अंधारी येणे, लघवी गडद व थोडी होणे ही मिठा-पाण्याच्या कमतरतेची लक्षणे आहेत. घरात यांचा अर्थ अनेकदा “ऑपरेशनचा अशक्तपणा” असा लावला जातो, रुग्णाला निजवून ठेवले जाते आणि नारळपाणी दिले जाते. नारळपाणी वाईट नाही, परंतु त्यात सोडियम कमी असते; जलसंजीवनीची जागा ते घेऊ शकत नाही. मीठ घातलेले ताक, मिठाची तांदळाची पेज, मीठ-साखरेचे लिंबूपाणी ही घरची पेये उपयोगी आहेत. छत्तीसगडात उन्हाळ्यात खाल्ली जाणारी बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजविलेला भात, मिठासह आपल्यालाही चालेल. भात उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवावा, भांडे झाकून ठेवावे, एका रात्रीपेक्षा जुना भात घेऊ नये. सोबतचा कच्चा कांदा व भाजीची देठे पहिले दोन महिने टाळावीत.

छत्तीसगडातील वाचकांसाठी आणखी एक सूचना. या राज्यात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आपल्याला किंवा आपल्या रक्ताच्या नात्यातील कोणाला तो असेल, तर शल्यचिकित्सकांना अवश्य सांगावे. शरीर कोरडे पडणे हे सिकलसेलच्या तीव्र वेदनांचा झटका येण्याचे ठळक कारण आहे. तपासणी झाली नसेल, तर ती सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी.

हरतालिकेचा, इकडे ज्याला तीजा म्हणतात तो, निर्जळी उपवास इलिओस्टॉमी असलेल्या स्त्रियांनी करू नये. पाउच असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारावे. इतर उपवासांत साबुदाण्याची खिचडी, केळे, बटाटा, मीठ घातलेले ताक चालते. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते वापरण्यास हरकत नाही.

उठणे, चालणे, उचलणे

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून परिचारिका रुग्णाला उठवून चालवतात, ते निष्ठुरपणाने नव्हे. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि या आजारात तो नेहमीपेक्षा अधिक असतो. आधीच स्टेरॉइडच्या औषधांनी मांड्यांचे स्नायू क्षीण झालेले असतात. घरच्या माणसांनी प्रेमापोटी रुग्णाला महिनाभर पलंगावरून उतरू न देणे ही सेवा नव्हे, नुकसान आहे.

घरी आल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे चालण्यापासून आरंभ करावा. प्रथम घरात, मग दारापुढच्या रस्त्यावर. चालताना शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. दर आठवड्याला थोडी वाढ करीत सहा आठवड्यांच्या सुमारास सलग अर्धा तास चालता यावे, हे रास्त उद्दिष्ट होय. एखाद्या दिवशी थकवा जास्त वाटला तर अंतर कमी करावे, पण चालणे बंद करू नये. थकवा दोन आठवडे कमीच होत नसेल, तर हिमोग्लोबिन व रक्तातील क्षार तपासावेत. पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तक्षयी झालेले असतात.

वजन उचलण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. पोटाच्या भिंतीतून आतडे बाहेर आणण्यासाठी स्नायूत वाट केलेली असते. जोर पडला की त्या वाटेने आतील आतडे सरकून स्टोमाभोवती फुगवटा येतो, तोच हर्निया. पहिले सहा आठवडे तीन-चार किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, आणि जड वजन तीन महिन्यांपर्यंत टाळावे. स्वयंपाकाच्या गॅसच्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीचे लोखंड धरून भरलेले सिलिंडर तीस किलोच्या घरात जाते. पाण्याची भरलेली मोठी बादली पंधरा किलोच्या वर असते. कडेवर घ्यावयाचे दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे. मुलाला उचलण्याऐवजी बसून मांडीवर घ्यावे. त्याची समजूत निघते. गाडी मुख्य स्टँडवर चढविणे हेही वजन उचलणेच आहे. बाजूचा स्टँड वापरावा.

बिछान्यातून सरळ उठून बसू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने उठावे. खोकताना व शिंकताना स्टोमावर उशी किंवा तळहात दाबून धरावा. पोटाचे स्नायू सावकाश बळकट करणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी शल्यचिकित्सकांच्या अनुमतीने लवकरच सौम्य व्यायाम सुरू करता येतात. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, श्वास सोडताना ओटीपोट हलके आत घ्यावे, तीनपर्यंत मोजून सैल सोडावे. त्याच स्थितीत दोन्ही गुडघे जोडून थोडे डावीकडे व थोडे उजवीकडे झुकवावेत. दुखले तर थांबावे. दीर्घ श्वसन व अनुलोम-विलोम प्रारंभापासून चालतात. कपालभाती, नौकासन, भुजंगासन, सूर्यनमस्कार यांकडे तीन महिन्यांनंतर, विचारूनच वळावे. नौली करू नये.

गुदाशय काढलेला असल्यास बैठकीची जखम भरण्यास कित्येक आठवडे, क्वचित काही महिने लागतात. तोवर सायकल चालवू नये, उकिडवे बसण्याचा हट्ट धरू नये, बसताना मऊ सपाट उशी घ्यावी. सर्व जखमा कोरड्या झाल्यावर पोहता येते; पिशवी पाण्यात सुटत नाही. खेळांबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो: अमेरिकेतील फुटबॉलपटू रॉल्फ बेनिर्श्के यांचे मोठे आतडे याच आजारामुळे १९७९ साली काढावे लागले, पुढील वर्षी ते पिशवीसह मैदानात परतले व १९८६ पर्यंत खेळले. मँचेस्टर युनायटेडचे डॅरेन फ्लेचर यांच्यावर जानेवारी २०१३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा खेळू लागले. त्यांच्या दिमतीला व्यायामतज्ज्ञांचा ताफा होता हे खरे. पण त्यांनाही एक वर्षाच्या आसपास काळ लागला, हेही लक्षात घ्यावे.

जेवण

पहिले सहा ते आठ आठवडे आतड्याला सूज असते आणि तंतुमय घास अडकू शकतो. मऊ भात, मुगाचे वरण, दही-भात, साल काढलेला बटाटा, दुधी, अंडे, मासे, केळे हे सोसते. मका, फणस, ओले खोबरे, मशरूम, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याची सालपटे, भाजलेले शेंगदाणे, मुर्रा व देठांसह शिजविलेल्या पालेभाज्या लांबणीवर टाकाव्यात. नंतर एका वेळी एक पदार्थ, थोड्या प्रमाणात, नीट चावून घेऊन पाहावा. आयुष्यभरासाठी पथ्यांची लांबलचक यादी करून ठेवण्याचे कारण नाही. बहुतेक जण वर्षभरात घरचे नेहमीचे जेवण जेवतात. अन्न कमी खाल्ले म्हणजे पिशवी रिकामी राहील, या समजुतीने उपाशी राहू नये. तसे केल्याने वायू व पातळ स्राव मात्र होतो.

पिशवी, कातडी आणि घाम

पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. बदलताना स्टोमाभोवती केवळ कोमट पाणी व मऊ कापड वापरावे. जंतुनाशक द्रव, तेलकट साबण, पावडर लावू नये. पिशवीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, म्हणून दर आठवड्याला मोजून छिद्र लहान करावे. जुन्याच मापाने कापत राहिल्याने उघडी पडलेली कातडी जळजळते, आणि रुग्ण समजतात की पिशवीच मानवत नाही.

उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी लवकर सुटते. हिवाळ्यात चार दिवस टिकणारी पिशवी मे महिन्यात दोन दिवसांतच बदलावी लागेल, त्या हिशेबाने साठा ठेवावा. पिशव्या उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नयेत, चिकट थर वितळतो. पिशवीला सुती कापडाचे आवरण शिवून घेतल्यास कातडीला घामोळे येत नाही. दुर्गहून रेल्वेने लांब जाताना नेहमीच्या दुप्पट पिशव्या घ्याव्यात, छिद्रे आधीच कापून ठेवावीत आणि त्या हातातल्या सामानात ठेवाव्यात.

पाउच असलेल्यांसाठी

तात्पुरती इलिओस्टॉमी बंद झाल्यावरचे पहिले तीन महिने कसोटीचे असतात. दिवसाला दहा-बारा वेळाही शौचास जावे लागते आणि शस्त्रक्रिया फसली असे वाटू लागते. पाउच हळूहळू प्रसरण पावतो. वर्षभरात बहुतेकांचे प्रमाण चोवीस तासांत चार ते आठ वेळांवर येते. गुदद्वाराचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा, रात्रीचे जेवण लवकर घ्यावे, शौचानंतर पाण्याने धुऊन कातडी टिपून कोरडी करावी व संरक्षक मलम लावावे. मध्येच कधी घाई, कळा, ताप व वाढलेले जुलाब सुरू झाले, तर जुना आजार परतला असे समजून खचून जाऊ नये. पाउचला सूज आलेली असू शकते. हा त्रास पुष्कळांना केव्हा ना केव्हा होतो व बहुधा प्रतिजैविकांनी बरा होतो.

औषधांविषयी

स्टेरॉइडची गोळी “आता आतडेच नाही” म्हणून एकाएकी बंद करू नये. अनेक महिने ती घेतल्याने शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे कमी केलेले असते. ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उतरत्या प्रमाणात थांबवावी, अन्यथा रक्तदाब कोसळू शकतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टॉमीतून अखंड बाहेर पडू शकतात. पिशवीत गोळी दिसली तर डॉक्टरांना सांगावे. रेचके घेऊ नयेत. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. शरीर कोरडे असताना त्यांपैकी अनेक मूत्रपिंडाला इजा करतात.

कामावर परतताना

बैठे काम साधारण सहा ते आठ आठवड्यांत, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काहीसे आधी, सुरू करता येते. अंगमेहनतीच्या कामाला निदान तीन महिने थांबावे. दुचाकी किंवा मोटार चालविण्यापूर्वी, पोटात कळ न येता अचानक जोरात ब्रेक दाबता येतो का, हे उभ्या गाडीत पाहून घ्यावे. मोटारीचा पट्टा स्टोमावर घासत असेल तर मध्ये घडी केलेला रुमाल ठेवावा. पट्टा लावणे सोडू नये.

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यापासून भिलाईतील असंख्य घरांचा चरितार्थ पोलादावर चालतो, म्हणून भट्टीजवळच्या कामाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. तेथील उष्णतेत निरोगी कामगाराचे शरीरही आठ-पंधरा दिवसांनी सरावते. इलिओस्टॉमी असलेल्या कामगाराने थेट पूर्ण पाळीवर रुजू होऊ नये. रुजू होण्यापूर्वी शल्यचिकित्सकांकडून उचलण्याच्या वजनाची मर्यादा, उष्णतेतील कामाचा कालावधी व ठरावीक वेळाने जलसंजीवनी पिण्याची आवश्यकता, या तिन्ही गोष्टी लेखी घेऊन कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्याव्यात. उंचावर काम करताना कमरेला बांधावयाचा सुरक्षा पट्टा स्टोमावरून जातो का, ते प्रत्यक्ष बांधून पाहावे. शक्य असल्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत रुजू होणे सोयीचे. हीच गोष्ट रस्त्यावर फिरून विक्री करणाऱ्यांना, बांधकामावरील मजुरांना व चुलीपुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे. फरक एवढाच की त्यांना प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

घर, संसार, मन

पिशवी आहे हे कोणाला सांगावे, हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. कार्यालयात एका विश्वासू सहकाऱ्याला माहीत असणे मात्र उपयोगी पडते. नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही. स्वयंपाकघर, देवघर, पंगत, लग्नसमारंभ यांपासून दूर राहण्याचे आरोग्याच्या दृष्टीने कोणतेही कारण नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःहून रुग्णाला सांगितले, तर त्याचे निम्मे ओझे उतरते.

सहजीवन जखमा भरल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, पूर्ववत करता येते. ओटीपोटातील शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांना व स्त्रियांना अडचणी येतात आणि बहुतेक जण त्या संकोचाने सांगत नाहीत. त्यांवर उपचार आहेत. पाउचच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणेस विलंब लागू शकतो, म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेपूर्वीच हा विषय काढावा. स्टोमा किंवा पाउच असताना गर्भारपण व प्रसूती सुखरूप पार पडते.

उदासी, झोप न लागणे, लोकांत जावेसे न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते. स्टोमा असलेल्यांची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, दर तीन वर्षांनी, जागतिक ऑस्टॉमी दिन पाळला जातो. असे कार्यक्रम अनुभवी माणसांना भेटण्याची चांगली संधी असतात. पिशवी लावण्याची युक्ती डॉक्टरपेक्षा ती दहा वर्षे लावणारा माणूस अधिक चांगली सांगतो. आयुष्मान कार्ड असल्यास, पिशव्यांचा खर्च योजनेत बसतो का, हे रुग्णालय सोडण्यापूर्वीच तेथील आरोग्य मित्राला विचारावे.

रुग्णालयात केव्हा जावे

स्टोमातून चार ते सहा तास काहीच आले नाही, पोटात कळा येत आहेत व मळमळते आहे, तर आतड्यात अन्न अडकलेले असू शकते. घन अन्न थांबवावे, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडावे, स्टोमाभोवती हलके चोळावे, कोमट पेय घोट-घोट घ्यावे. उलटी होत असेल, पोट फुगत असेल किंवा तासा-दोन तासांत उतार पडला नाही, तर घरी थांबू नये. स्टोमाचा रंग लालसर गुलाबी असतो. तो जांभळा, राखी किंवा काळा पडणे, स्टोमातून न थांबणारे रक्त येणे, १०१ अंशांवर ताप, जखमेतून पू, एका पोटरीला सूज व वेदना, अचानक धाप लागणे, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणे, किंवा ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू औषधे, स्रावाची मोजमापे लिहिलेली वही व दोन पिशव्या सोबत घ्याव्यात, आणि आपल्याला मोठे आतडे नाही व कोणती रचना केलेली आहे, हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.